अमेरिकी राज्यघटनेला एवढा विरोध का झाला?

वाचनवेडी: आपली घटना संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली, ती प्रांतांकडे पुन्हा मंजुरीला गेली नाही. अमेरिकेत मात्र १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात सह्या झाल्या आणि मग राज्याराज्यांत रण पेटलं. १३ पैकी ९ राज्यांची मंजुरी हवी होती, हे समजलं. पण विरोधकांना भीती कसली होती?

निशिगंध: विरोधक आडमुठे होते असं कृपा करून समजू नका. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. वर्गात मॅसॅच्युसेट्स राज्यात मंजुरीसाठी भरलेल्या अधिवेशनातली दोन भाषणं हमखास वाचून दाखवते. सटन गावचे एमस सिंगलटरी म्हणाले, हे वकील, शिकलेले आणि पैसेवाले गोड बोलून सगळी सत्ता हाती घेतील आणि आम्हा लहान माणसांना गिळतील. त्याच दिवशी त्यांना उत्तर दिलं तेही एका शेतकऱ्यानेच. जोनाथन स्मिथ, नांगरावर पोट असलेला माणूस. आदल्याच हिवाळ्यात त्याच्या भागात कर्ज-करांनी पिचलेल्यांचं, डॅनियल शेज यांच्या नावाने ओळखलं जाणारं बंड झालं होतं. शेजाऱ्यांनी एकमेकांवर बंदुका रोखलेल्या त्याने पाहिल्या होत्या, म्हणून त्याला हा मसुदाच उपाय वाटला. मुलांना दोघांचंही पटतं, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

शेवटी तोडगा निघाला: मंजुरी द्यायची, पण सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडायची. गव्हर्नर जॉन हॅनकॉक यांनी ती मांडली. ६ फेब्रुवारी १७८८, १८७ विरुद्ध १६८. दहा जण फिरले असते तर ठराव पडला असता!

कोयनाकाठचा: नुसत्या शिफारशीला काय किंमत? व्हर्जिनियात विरोधकांचे पुढारी पॅट्रिक हेन्री यांचा हट्ट हाच होता, आधी दुरुस्त्या करा, मग मंजुरी मागा. ते ८९ विरुद्ध ७९ ने हरले.

निशिगंध: हरले, पण गप्प बसले नाहीत ना! नागरिकांच्या हक्कांची यादी घटनेत घालायची गरज नाही म्हणणाऱ्या, घटनेचे प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनाच निवडणुकीत तसं वचन द्यावं लागलं आणि १७८९ मध्ये काँग्रेसपुढे दुरुस्त्या मांडाव्या लागल्या. त्यातल्या १० दुरुस्त्या १७९१ मध्ये लागू झाल्या. भाषण, धर्म, ज्युरीपुढे खटला, हे सगळं त्यांतच आहे. हे श्रेय मी विरोधकांना देते.

वाचनवेडी: मग ऱ्होड आयलंड १७९० पर्यंत का अडून बसलं?

कोयनाकाठचा: कर्जदार शेतकऱ्यांना तिथल्या कागदी चलनाचा आधार होता. नव्या घटनेने राज्यांना असं चलन काढायची बंदीच घातली. तरी अखेर ३४ विरुद्ध ३२ मतांनी मंजुरी देऊन ते राज्य संघात आलं.