विषय: बाबांसाठी जुना स्पॉटिंग स्कोप (सीवूड्स-ऐरोली)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात तीन आठवडे घरी नवी मुंबईला जातेय. निवृत्त झाल्यापासून बाबा सकाळी डीपीएस तलावावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातात, सुट्टीच्या दिवशी ऐरोलीच्या खाडीवर. त्यांच्याकडे 8×42 दुर्बीण आहे, पण लांबचे पक्षी नुसते ठिपके दिसतात म्हणतात. इथे इंग्लंडात जुने स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणी, बरेच मिळतात. एका जाहिरातीत 20-60×80 (20 ते 60 पट, पुढचं भिंग 80 मिमी) दिसला, 'फक्त बॉडी' असं लिहिलंय, किंमत परवडणारी आहे. बाबा 71 वर्षांचे, चष्मा आहे. फोटोही काढायचेत त्यांना. काय बघून घेऊ?

– सीवूड्सची लेक

---

अगं, ती 'फक्त बॉडी'ची जाहिरात आधी बाजूला ठेव. बॉडी म्हणजे आयपीस (डोळा लावायचं भिंग) नाही, आणि आयपीसशिवाय स्कोपमधून काहीच दिसत नाही. स्वारोव्हस्कीचा एटीएस 80, कोवाचा टीएसएन-883, निकॉनचा फील्डस्कोप ईडी82, सगळ्यांचे आयपीस ज्याचे त्याचे. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. निकॉनचा ईडी82 तर आता बनतच नाही, त्यामुळे आयपीसही जुनाच शोधत बसावं लागतं. आयपीससकटच घे.

दुसरं, टपालाने न बघता घेऊ नकोस. माझा पहिला स्कोप मी तसाच घेतला होता. बाहेरून नवा कोरा, विकणाऱ्याने 'आत स्वच्छ' असं लिहून दिलेलं. ऐरोलीला आल्यावर उजेडात तिरका धरला, तर पुढच्या भिंगामागे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. खोलून साफ करून घेतला, पण बुरशीने कोटिंग खाल्लं होतं, तिथले डाग काही गेले नाहीत. ऊन समोरून आलं की चित्र दुधाळ व्हायचं. फार जीव तुटला तेव्हा. म्हणून सांगतो, दुकानात जाताना टॉर्च ने. पुढून तिरका उजेड टाकून आयपीसकडून बघ, मग उलटं कर. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. धागे किंवा ढगाळ पट्टा दिसला तर परत दे.

मग स्कोप बाहेर घेऊन जा आणि आकाशासमोर असलेल्या एखाद्या अँटेनावर किंवा विजेच्या तारेवर लाव. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी किनार किती दिसते ते बघ. ईडी किंवा फ्लोराइट काच असेल तर अगदी कमी दिसते. पांढऱ्या बगळ्याची कड स्वच्छ दिसणं ह्याच्यावरच अवलंबून आहे. फोकस फिरवताना एका जागी चित्र चटकन धारदार झालं पाहिजे. पुढे-मागे करत 'इथे बरं की तिथे' असं वाटत राहिलं तर आतलं काहीतरी हललेलं आहे.

60 च्या आकड्याला भुलू नकोस. भिंगाचा व्यास भागिले पट केलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. 80 ला 20 ने भागलं तर 4 मिलिमीटर, 60 ने भागलं तर जेमतेम 1.3. चित्र काळपट होतं, आणि ह्या वयात डोळ्यातले तरंगणारे ठिपकेच जास्त दिसतात. शिवाय आपल्या खाडीवर नऊ-साडेनऊनंतर चिखल तापतो, हवा थरथरायला लागते, मग कितीही महाग काच असो, 40 च्या वर पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. मी स्वतः वर्षभर 25 ते 30 वरच असतो. त्यामुळे 65 मिमी भिंगाचा, हलका, स्वच्छ काचेचा मिळाला तर बाबांसाठी मी तोच घेईन. चष्म्यासाठी आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, 15 मिलिमीटरच्या वर हवा, आणि तो झूम पुढे नेऊनही बघ, काही आयपीसमध्ये तिथे कमी होतो. नळी 45 अंशात वळलेला अँगल्ड घे. मान वर करून बघावं लागत नाही, ट्रायपॉडही कमी उंचीवर चालतो, म्हणजे वाऱ्यात कमी हलतो. ट्रायपॉडवर मात्र पैसे वाचवू नकोस.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट निघते ना, तिच्यात स्कोप नेऊ नये. बोट हलते, काही दिसत नाही, तिथे दुर्बीणच बरी. स्कोप काठावरचा. भरती चढायला लागली की पक्षी पाण्यापुढे सरकत सरकत काठाशी येतात, ती वेळ धरायची. कोळी मंडळींचा हिशोब बाबांना ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सात वाजता पोचलं की दोन तास मिळतात. खाडीत आत थोडं उशिरा भरतं.

आणि एकदा रोहिताच्या चोचीवर लावून दे त्यांना. लहान रोहिताची चोच गडद, जवळजवळ काळी लाल. मोठ्याची फिकट गुलाबी, टोक तेवढं काळं. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि गळ्याजवळची कातडी सारखी थरथरते, ती दुर्बिणीतून कधीच दिसत नाही. चिखल्या, तुतवारांच्या पायात संशोधकांनी घातलेली रंगीत पट्टी असली तर तिच्यावरची अक्षरंही वाचता येतात. 2022 साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. त्या यादीमागची पाखरं अशी एकेक बघायला मिळणं ह्यात फार सुख आहे.

– ऐरोलीचे काका

---

फोटोंबद्दल माझं थोडं. मोबाइलचा अडॅप्टर घे, आयपीसचा बाहेरचा व्यास मोजूनच. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण 25 मिमीचा धरला तर 20 पटीला 500 मिमी लेन्सइतकं जवळ दिसतं. टायमर लावायचा, बोट लागलं तरी हलतं. उभा शेकाट्या सुरेख येतो. उडते पक्षी मात्र जमत नाहीत, हाताने फोकस करेपर्यंत थवा निघून जातो. त्यासाठी कॅमेरा आणि 150-600 लेन्स हाच रस्ता, आणि दोन्ही कामं एका वस्तूत शोधू नकोस.

– ठाण्याची वहिनी, घोडबंदर रोड

---

काका, वहिनी,

काल दुकानात गेले. पहिल्या 80 च्या स्कोपमध्ये टॉर्च टाकला आणि प्रिझमवर अगदी तेच जाळं. दुकानदाराला दाखवलं, त्यालाही नवीन होतं. दुसरा 65 चा, ईडी काचेचा, अँगल्ड, झूम आयपीससकट. बाहेर नेऊन चर्चच्या कळसावरच्या सळईवर लावला, किनार शोधावी लागली. घेतला. काका, पावसाळ्यात तो कसा ठेवायचा?

– सीवूड्सची लेक

---

छान केलंस. चामड्याच्या पिशवीत आणि बंद कपाटात ठेवायचा नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. दाण्यांचा रंग बदलला की तापवून कोरडे करायचे. बाहेरून आल्यावर ओला असेल तर आधी पंख्याखाली वाळू दे, मग डब्यात. जूनपासून दर पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून टॉर्चने बघायचं. विमानात हातातल्या सामानातच ने.

– काका

---

डबा आजच घेतला. बाबांना फोनवर द्वादशीचं सांगितलं तर त्यांनी बोलता बोलता भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. मी पोचल्यानंतरची पहिली द्वादशी बघून ठेवलीय, सातला ऐरोलीला. काका, तुम्हीही या.