केमो थांबली. आता घरीच, की हॉस्पिस?

वसईकर: आत्याचा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरलाय. डॉक्टर म्हणाले, केमोचा आता उपयोग नाही. दुखणं आणि उलट्यांवरची औषधं घरी चालू ठेवा, नाहीतर हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारात दुखणं आटोक्यात ठेवून सांभाळणाऱ्या ठिकाणी न्या. माझं मत हॉस्पिसच. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून हे काम करतंय, तेही मोफत. घरी आत्येभाऊ रात्रपाळीला, वहिनी एकटी. मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर तिने कुठे धावायचं?

माजघर: अजिबात पटलं नाही. भाऊ, वहिनी, तुम्ही, सगळ्यांचं म्हणणं आलं, आत्यांचं कुठाय? ज्या घरात उभा जन्म गेला तिथून शेवटी उचलून न्यायचं? बाई ठेवा, आळीपाळीने जागा.

रातपाळी_सिस्टर: माजघर, आळीपाळीने जागायला माणसं लागतात हो. मी कॅन्सर वॉर्डात आहे. लोक मॉर्फिन, म्हणजे दुखण्यावरचं तीव्र औषध, घरी नेतात आणि ‘सवय लागेल’ म्हणून डबीतच ठेवतात. मॉर्फिनची साधी, लगेच काम करणारी गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता द्यायची असते. झोपतानाचा डोस बहुतेकदा डॉक्टर दुप्पट लिहून देतात, म्हणजे मध्ये उठवावं लागत नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध हवंच. हे जमत असेल तर घर उत्तम. नसेल तर हट्ट माणसाच्या जिवावर बेततो.

माजघर: पण हॉस्पिस म्हणजे आशा सोडली, असंच पेशंटला वाटतं. अमेरिकेत मेडिकेअरमधून, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून हॉस्पिस घ्यायचं तर आजार बरा करायचे उपचार सोडल्याची सही लागते.

रातपाळी_सिस्टर: तो तिथल्या विम्याचा नियम. पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये घरचं माणूस सोबत राहतं, दुखणं आटोक्यात आलं की पेशंट घरी परततो. आणि खरं तर ही पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करायची सेवा, केमो चालू असतानाच सुरू व्हायला हवी. २०१० साली बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवर अभ्यास झाला. सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांत हाच आकडा ८.९ महिने होता. आपल्याकडे मात्र सगळे हात टेकल्यावर चौकशी करतात, याचा फार त्रास होतो.

वसईकर: आत्याला विचारलंय. ‘तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा’ म्हणते. हे मी तिचं उत्तर धरत नाही.

माजघर: धरूच नका. वहिनी खोलीत नसताना परत विचारा. माझं मत अजून घरच, पण त्या स्वतः ‘तिकडे ने’ म्हणाल्या तर माझा विरोध नाही.