महिन्याला दीड हजार द्यायचे आहेत, कुणाला देऊ?

साखळकरीण:
पतसंस्थेत नोकरी करते. घरखर्च, आईची औषधं, कर्जाचा हप्ता जाऊन महिन्याला दीड हजार दुसऱ्यांसाठी काढता येतात. सध्या जो आधी दारात येतो त्याला मिळतात. शिगम्याला रोमटवाले (ढोलताशांच्या मिरवणुकीची पथकं), मग देवळाच्या जीर्णोद्धाराचं पावतीपुस्तक, मग व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या तरी डायलिसिसचं आवाहन. कुणाचं काय भलं झालं ते देवाला ठाऊक. मनात तीन ठिकाणं आहेत: गावचं वाचनालय, भटकी कुत्री सांभाळणारी संस्था, गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) येणारे गरीब रुग्ण. पाचशे-पाचशे वाटू का? आणि देवळाला नाही कसं म्हणू, देवळाचे महाजन (कारभारी) शेजारीच राहतात!

फोंड्याचे काका:
देवळाचं आधी. पावणीला (देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात) एक नारळ हजारांत जातो, तिथे तुमच्या पाचशेवाचून काही अडत नाही. जत्रेला ठरलेलं द्या, नमस्कार करा, सुटा.

बाकी ठिकाणी मी एकच बघतो: आपण नाही दिले तर दुसरं कोण देईल? आमच्या वाचनालयाचा खजिनदार होतो मी. सगळ्या पंख्यांच्या पात्यांवर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ नाव. वीजबिल मात्र कुणी स्मरणार्थ भरत नाही. ग्रंथपाल बाईंचा पगार थकलेला असायचा आणि नेमका तेव्हाच कुणीतरी आणखी एक पंखा घेऊन यायचा. नको म्हणायचीही सोय नाही, वडिलांचं वर्षश्राद्ध असतं. तेव्हा वाचनालयाला दिलेत तर ‘रोजच्या खर्चासाठी’ असं पत्रात लिहून द्या आणि दरमहा द्या. ठरलेली रक्कम येणार असेल तर बाईंना पगाराची तारीख सांगता येते.

तीन वाटे करू नका.

बांबोळीची नर्स:
काका, वाटे केले तर बिघडलं कुठे? दोन ठिकाणी तरी देऊ द्या ताईंना.

रुग्णांबद्दल सांगते. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर चार लाख. त्यामुळे कार्डवाल्यांचं पुष्कळदा ऑपरेशन अडत नाही, अडतं ते सोबत आलेल्या माणसाचं. काणकोणहून बसभाडं, दोन वेळचं जेवण, बुडालेला रोज. बांधकामावरच्या मजुरांकडे तर बरेचदा कार्डच नसतं. त्यांना देणारं कुणी शोधा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं आवाहन आलं तर वॉर्ड आणि बिल विचारा, पैसे हॉस्पिटलच्या काउंटरवर भरा. कुणाच्या खाजगी नंबरवर नको.

म्हापशेकार:
कुत्र्यांसाठी द्यायचे तर खाऊ घालणारे वेगळे आणि टोचणारे वेगळे, एवढं बघा. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं ते गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचल्यामुळे, बिस्किटांमुळे नव्हे. गेल्या वर्षी किती टोचली, किती नसबंदी केली, असं संस्थेला सरळ विचारा. आकडा नसला की पिल्लांचे फोटो येतात.

साखळकरीण:
देव बरें करूं सगळ्यांचं. वाचनालयाला हजार, सोबत्यांच्या जेवणासाठी पाचशे. कुत्र्यांचं आकडा आल्यावर बघते. जत्रेचे वेगळे ठेवते, शेजार सांभाळायला हवा. काका, वाचनालयाचं वीजबिल मीच परस्पर भरलं तर 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळेल?

फोंड्याचे काका:
नाही. पैसे संस्थेच्या खात्यात जायला हवेत, संस्थेची 80जी नोंदणी हवी आणि देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. दोन हजारांवर रोख दिलेलं चालत नाही. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावटच नाही, तेव्हा पतसंस्थेत आधी तेवढं विचारा.