शार-पेई: जात वाचली, पण कुत्रा वाचला का?

डोंगरवाट

शार-पेई या सुरकुतलेल्या कुत्र्याचं माहेर म्हणजे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात फोशानजवळचं दाली. तिथले शेतकरी हा कुत्रा राखणीला, रानडुकराच्या शिकारीला आणि झुंजीला पाळत. नावाचा अर्थ वाळूसारखी कातडी. लवेवरून उलटा हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी टोचते. झुंजीत याचे दोन फायदे होते: चावणाऱ्याच्या तोंडात ही लव बोचायची आणि कातडी सैल असल्याने पकडीत सापडूनही कुत्रा आतल्या आत वळून उलटा चावा घेऊ शकायचा. म्हणजे सैलपणाला काम होतं, आणि कामापुरताच तो होता.

१९४९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवर कुत्रे झपाट्याने कमी झाले. १९७३ मध्ये हाँगकाँगचे श्वानपालक मॅटगो लॉ यांनी एका अमेरिकन श्वानमासिकातून ही जात वाचवायची हाक दिली आणि मूठभर कुत्रे अमेरिकेत गेले. तिथे घोळ झाला. शार-पेईचं पिल्लू जन्मतः मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखं दिसतं आणि वाढताना तो सदरा भरतो. अमेरिकेत मात्र सदरा न भरणारे, जाड थोबाडाचे कुत्रे निवडले गेले. त्यांना ‘मीट-माउथ’ म्हणतात, जुन्या सडसडीत प्रकाराला ‘बोन-माउथ’. आज जगात शार-पेई म्हणून दिसतो तो बहुतेक मीट-माउथच.

माझं म्हणणं: मीट-माउथची पैदास थांबवावी. सुरकुती हे आता सौंदर्य राहिलेलं नाही, तो आजार आहे.

खारीबिस्कीट

असहमत. अमेरिकन हौशी लोक नसते तर आज वाद घालायला कुत्राच उरला नसता. आणि दोष प्रमाणकाला, म्हणजे जातीचा कुत्रा कसा असावा हे सांगणाऱ्या नियमांना, देऊ नका. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेचं प्रमाणक क्रमांक ३०९ काढून वाचा: उंची ४४ ते ५१ सेंटिमीटर, लव १ ते २.५ सेंटिमीटर, आणि डोळ्याच्या कामात भोवतालची कातडी, घडी वा केस यांनी कुठलाही अडथळा येता कामा नये असं स्पष्ट लिहिलंय. हे डावलणारे श्वानप्रदर्शनातले परीक्षक आणि ‘जास्त घड्या, जास्त भाव’ म्हणणारं गिऱ्हाईक, हे खरे गुन्हेगार.

दुसरं, बोन-माउथला ‘पारंपरिक’ म्हटलं की लोक विरघळतात. मुळात मूठभर कुत्र्यांपासून वाढलेली ही जात. अर्धीअधिक पैदास बंद करा म्हणजे उरलेल्यांत जवळच्या नात्यातले संबंध वाढतील आणि नवीन दुखणी निघतील.

गुणसूत्र_१३

@खारीबिस्कीट, नात्यातल्या पैदाशीचा मुद्दा बरोबर. पण सुरकुतलेली कातडी आणि या जातीला अचानक येणारा ‘शार-पेई ताप’ यांचा संबंध निव्वळ नजरेचा नाही. कातडीत हायलुरोनिक आम्ल प्रमाणाबाहेर साठतं. सुई टोचली तर भेंडीसारखा तार सुटणारा पारदर्शक चिकट द्रव बाहेर येतो. हे आम्ल तयार करणाऱ्या एचएएस-२ जनुकाच्या अलीकडच्या बाजूला डीएनएचा एक तुकडा पुन्हापुन्हा उमटलेला असतो. २०११ च्या संशोधनात मीट-माउथमध्ये हा तुकडा १६.१ किलोबेसचा (सुमारे १६,१०० डीएनए-अक्षरांचा) निघाला आणि त्याच्या प्रती जितक्या जास्त तितका शार-पेई तापाचा धोका जास्त. २०१७ मध्ये त्याच्या शेजारच्या एमटीबीपी जनुकातला एक बदलही तापाशी जोडला गेला, म्हणून एकाच जनुकावर सगळं खापर फोडता येत नाही.

यातून मधली वाट निघते. सरसकट बंदी नको. प्रती मोजून, कमी प्रतींचे नर-मादी जोडावेत. थोबाड आपोआप उतरेल.

डोंगरवाट

आपोआप? गिऱ्हाईक पिल्लाच्या फोटोवर पैसे देतं. चाचणीचा कागद बघतो कोण?

नाकसमोर

पैदाशीचं राजकारण चालू राहील, पण ज्यांच्या घरात हा कुत्रा आधीच आहे त्यांनी तापाबद्दल नीट समजून घ्या, कारण मरण तिथून येतं.

ताप अचानक १०३ ते १०७ फॅरनहाइटपर्यंत चढतो, मागच्या पायाचा घोट्यासारखा सांधा सुजतो, कुत्रा पाठ वाकवून बसतो, उठत नाही. साधारण दीड दिवसात सगळं ओसरतं. इथेच फसगत होते: ‘बरा झाला’ म्हणून कोणी डॉक्टरकडे नेत नाही. प्रत्येक दाहात यकृत एक प्रथिन सोडतं, त्याचा अमायलॉइड, म्हणजे न विरघळणारा साका, बनून मूत्रपिंडात साचतो. दीर्घकाळ कोल्चिसिन हे औषध देतात ते यासाठी. मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची, जुलाब झाले तर लगेच कळवायचं. घरातली आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका, तिने मूत्रपिंडच जातं.

आणखी एक चूक. लघवीत प्रथिन नाही म्हणजे मूत्रपिंड ठीक, असं धरतात. या जातीत अमायलॉइड बऱ्याचदा मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात साचतो, तेव्हा प्रथिन उशिरा गळतं किंवा गळतच नाही. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीची घनता तपासा आणि पाणी किती पितो त्यावर नजर ठेवा. पातळ लघवी आणि वाढलेली तहान ही आधीची खूण.

खारीबिस्कीट

उत्तम. डोळ्यांचंही कोणीतरी लिहा. त्यात घाई करणारे फार.

नाकसमोर

पापणी आत वळते आणि केस बुबुळाला घासतात. दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू डोळे मिचकावत, पाणी गाळत असेल तर पापणीला तात्पुरते टाके घालून ती बाहेर खेचतात. ते काही आठवडे राहतात, गरज पडली तर पुन्हा घालतात. कायमची शस्त्रक्रिया चेहरा वाढेपर्यंत, साधारण वर्षभर, पुढे ढकलतात. लवकर कापलं तर चेहरा भरल्यावर तीच पापणी बाहेर लोंबते. बुबुळावर जखम असेल तर मात्र थांबायचं नाही.

अंगणातला

कातडीबद्दल, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यासाठी खास. घडीत दमटपणा राहिला की मॅलासेझिया ही यीस्ट माजते, वास आंबूस येतो, कातडी लाल आणि तेलकट होते. आपल्याकडे यावर खोबरेल चोळतात. नेमकं उलटं होतं, ही यीस्ट चरबीवरच पोसते. पावडरही नको, ओल लागून तिचे गोळे होतात. क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोल शाम्पू लावून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. घड्या उघडून सुती फडक्याने टिपून कोरड्या करा. पंखा कितीही जोरात असला तरी घडीच्या आत हवा पोचत नाही.

कान लहान आणि आतली नळी अरुंद. इअरबडने मळ आणखी आत ढकलला जातो. कानाचं द्रावण भरा, बुडाशी अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झटकू द्या, दिसतं तेवढंच पुसा.

स्वभावाचं एकच: कपाळाच्या घडीमुळे बाजूचं कमी दिसतं, तेव्हा मागून हात लावू नका. परक्याशी हा मुळातच अलिप्त असतो, त्याला गळ्यात पडणारा समजून पाहुण्यांसमोर सोडू नका.

डोंगरवाट

डोळ्यांना टाके, कानाला द्रावण, कातडीला शाम्पू, मूत्रपिंडाला कोल्चिसिन. दालीच्या शेतावर यातलं काय होतं?

गुणसूत्र_१३

त्या शेतावर आजारी पिल्लू जगतच नव्हतं, म्हणून यादी दिसत नव्हती. बोन-माउथ निरोगी ठरवायचा तर त्याच्याही लघवीच्या आणि प्रतींच्या चाचण्या करा, मग बोलू.