गुडघ्याचं ऑपरेशन आणि निकेलची अ‍ॅलर्जी: इम्प्लांट कुठल्या धातूचं घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. आईच्या उजव्या गुडघ्याची गादी पार झिजलीय, डॉक्टरांनी रिप्लेसमेंट सांगितलीय आणि आई तयार पण आहे. अडचण अशी की तिला खोटे दागिने अजिबात चालत नाहीत. लग्नाकार्यात खोटं मंगळसूत्र घातलं की संध्याकाळपर्यंत मानेवर लाल पट्टा उठतो, बारीक पुरळ येतं आणि मग खाजवून खाजवून कातडी काळी पडते. हुपरीचे चांदीचे पैंजण मात्र वर्षानुवर्षं पायात आहेत, काही नाही. स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट (कातडीवर पट्ट्या चिकटवून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघतात ती) केली, निकेलला पॉझिटिव्ह आली.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, त्यामुळे धातू कुठला हे विचारल्याशिवाय राहवत नाही. मांडीच्या हाडावर बसतो तो भाग बहुतेक कोबाल्ट क्रोमचा असतो, त्यात क्रोमियम २७ ते ३० टक्के, मॉलिब्डेनम ५ ते ७ आणि निकेल अगदी थोडं, अर्ध्या टक्क्याच्या आत. पण थोडं का होईना आहेच ना, आणि गुडघा काय दागिन्यासारखा रात्री काढून ठेवता येत नाही. टायटॅनियम हाडाला छान धरतं पण घासलं की लवकर झिजतं, म्हणून वरच्या भागाला साधं टायटॅनियम वापरत नाहीत असं वाचलं. मग राहतं ऑक्सिडाइज्ड झिरकोनियम, म्हणजे धातू तापवून वर सिरॅमिकचा पातळ थर आणलेला, नाहीतर टायटॅनियम नायट्राइडचं कोटिंग. ही कोटिंगं आम्ही कटिंग टूलवर बघतो, तिथं ती झिजतात, म्हणून मन घेत नाही.

आमचे डॉक्टर म्हणतात कातडीला त्रास होतो म्हणून सांध्यात होईलच असं नाही, आणि ते खरंही आहे, कारण निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच लोकांना साधं इम्प्लांट व्यवस्थित चालतं. पण आईच्या बाबतीत "बहुतेक" वर मला थांबायचं नाही.

पैशाचं म्हणाल तर २०१७ ला सरकारनं किमती बांधल्या तेव्हा कोबाल्ट क्रोम ५४,७२० आणि टायटॅनियम किंवा झिरकोनियमवालं ७६,६०० होतं, जीएसटी वेगळा. तेवढा फरक आम्ही सोसू.

कुणाच्या घरी निकेलची अ‍ॅलर्जी असताना गुडघा बदललाय का? कुठलं बसवलं, आणि नंतर सूज, खाज, दुखणं काही राहिलं का? इम्प्लांट हाडाला पक्कं बसवायला बोन सिमेंट वापरतात, त्याची पण पॅच टेस्ट आधी करून घ्यावी का? कोल्हापूर, सांगली, मिरज भागात झिरकोनियमचं नेहमी बसवणारे सर्जन माहीत असतील तर मेसेजमध्ये कळवा प्लीज, तारीख अजून घेतलेली नाही.