राखेच्या तळ्याजवळचे सरडे: ज्वालामुखीच्या राखेचे निष्कर्ष इथे लागू पडतील का?

तापीकाठ:
जळगाव जिल्ह्यात कोळशाच्या राखेच्या तळ्यालगत कपाशीचे बांध आहेत. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिथल्या सरड्यांच्या विणीची नोंद करायची आहे. वाचायला मिळतं ते सगळं ज्वालामुखीच्या राखेवरचं. ते तसंच्या तसं धरून चालेल का?

काळा_पाषाण:
नाही चालणार. ज्वालामुखीची राख म्हणजे 2 मिमीपेक्षा बारीक फुटलेली काच आणि खनिजं, कडा धारदार. कोळशाच्या उडत्या राखेचे कण बहुतेक गोल, मण्यांसारखे. शिवाय ज्वालामुखीच्या ताज्या राखेला फ्लोराइडचे क्षार चिकटलेले असतात. 1783 साली आइसलँडमध्ये लाकी उद्रेकानंतर मेंढ्या मेल्या त्यात याचा मोठा हात होता. कोळशाच्या राखेत काळजी आर्सेनिक आणि सेलेनियमची. सेलेनियम तर आईच्या अंगातून थेट अंड्याच्या बलकात उतरतं.

तुम्ही वाचलंय ते बहुधा पॅटागोनियातलं असणार. 4 जून 2011 ला चिलीतला पुयेहुए-कॉर्डोन काउये हा ज्वालामुखी फुटला, राख वाऱ्याने अर्जेंटिनात जाऊन पडली आणि तिथल्या फिमॅटुरस सरड्यांवर काम झालं. पण तो सरडा पाला खाणारा, कपारीत राहणारा आणि पिल्लं घालणारा. पानावरची राख सरळ पोटात जाते. त्यातल्या बऱ्याच जातींची मादी दरवर्षी वीतही नाही, म्हणून एक हंगाम गेला तर तूट भरायला वर्षं लागतात. आपला बांधावरचा सरडा किडे खातो आणि अंडी घालतो. सगळी वाटच निराळी.

वापसा:
किड्यांचं मात्र दोन्हीकडे सारखंच बघावं लागेल. 1980 साली अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या राखेने किड्यांच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला गेला आणि ते सुकून मेले. गोल कण तेवढे खरवडतील असं नाही, पण नाकतोडे आणि मुंग्या मोजल्याशिवाय सरड्यांवर काही लिहू नका.

आता अंडी. मादी पावसाळ्यात वापशाची माती उकरून एका खेपेला साधारण 10 ते 20 अंडी पुरते. कवच चामड्यासारखं मऊ असतं, मातीतला ओलावा शोषूनच अंडं फुगतं. पिल्लं निघायला सुमारे दीड महिना. भिजलेली राख वाळली की वर खपली धरते, मग हवा कमी पोचते आणि पिल्लाला वर यायला जड जातं. दुसरं म्हणजे, काळी माती ऊन पिते, करडी राख ते परत फेकते. थर जाड असेल तर खालची माती थंड राहते आणि पिल्लं निघायचे दिवस लांबतात. उन्हाळ्यातल्या भेगाही राखेने बुजतात, आणि 44 अंशांच्या उन्हात त्या भेगा हाच सरड्याचा आसरा.

तापीकाठ:
मग मोजायचं काय? आणि तुलनेला केळीचा बाग घेतला तर?

काळा_पाषाण:
केळी नको. ठिबकचा ओलावा आणि सावली, सगळाच हिशेब बिघडेल. राख नसलेली कपाशीच घ्या, पेरा त्याच आठवड्यातला आणि फवारणीही तीच. नाहीतर कीटकनाशकाचा दोष राखेच्या माथी बसेल. चुका होतात त्या इथेच.

राखेचा नमुना मृगाच्या आधी, कोरडा असतानाच. पाऊस पडला की विरघळणारे क्षार गेले. ते क्षार पाण्यात उतरवायला 1 ग्रॅम राख, 20 मिली ऊर्ध्वपातित पाणी, तासभर हलवा, गाळा. बाटली प्लास्टिकची, कारण फ्लोराइड काचेला चिकटतं. राखेच्या थराची जाडी आणि 5 व 10 सेंमी खोलवरच्या मातीचं तापमान रोज ठरल्या वेळीच.

वापसा:
सरडे पकडण्याआधी वन विभागाची परवानगी काढा. घोरपडीला तर हातच लावू नका, ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

परवानगी मिळाली की थोबाडापासून गुदद्वारापर्यंत लांबी आणि 0.1 ग्रॅमच्या काट्यावर वजन. अंडीवाली मादी पोटावर हलक्या बोटाने कळते. दाबलं तर अंडी फुटतात. तिची नोंद वेगळ्या रकान्यात, कारण अंड्यांच्या वजनाने ती उगाच धष्टपुष्ट दिसते. तोंड उघडून दात झिजलेत का तेही पाहा. बांधावरच्या सरड्याच्या कुळात दात जबड्याच्या काठाला जडलेले असतात, झिजले की बहुतेक परत येत नाहीत. तुटक्या शेपटीचे सरडे वजनाच्या तुलनेतून वगळा.