वृद्ध कैद्याची सुरक्षित तुरुंगात बदली: अर्जात नेमकं काय लिहायचं?

उंबरठा
काका ७३ वर्षांचे, शिक्षा भोगताहेत. मधुमेह आहे, गुडघे गेलेत, एका कानाने ऐकू येत नाही, हल्ली विसरायलाही लागलेत. बराक पहिल्या मजल्यावर आणि झोपायला वरची बर्थ. दोनदा पडलेत. औषधं आणि कँटीनचं सामान दुसरे कैदी काढून घेतात. "वयाचा विचार करून सुरक्षित ठिकाणी हलवावे" असं पत्र अधीक्षकांना दिलं, तर "विनंतीची नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं. आता पुढे काय करायचं?

जुना टाक
त्या पत्रात नाकारण्यासारखं काही नव्हतं आणि मंजूर करण्यासारखंही. वय हे कारण म्हणून टिकत नाही. सत्तरीचे कैदी तिथे आणखीही असणार. बदलीच्या आदेशात जसंच्या तसं उतरवता येईल असं कारण अधिकाऱ्याच्या हातात द्यावं लागतं. ते म्हणजे, तिथल्या दिनक्रमातलं कुठलं काम त्यांना जमत नाही आणि त्यामुळे काय घडतं.

डॉक्टर एरवी अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण ही सहा कामं बघतात. ही सगळी कशीबशी जमत असली तरी माणूस तुरुंगात अडतोच, कारण तिथली कामं वेगळी: वरच्या बर्थवर चढणं, गिनतीला उभं राहणं, पुकारा ऐकू येणं, भोंगा झाला की लगेच जमिनीवर बसणं, औषधाच्या रांगेत थांबणं, ठरलेल्या वेळात जेवणाच्या जागेपर्यंत पोचणं. यातलं प्रत्येक काम वेगळ्या ओळीत घ्या आणि पुढे तारीख व परिणाम लिहा. "रात्री लघवीला उतरताना अमुक तारखेला पडले, कपाळाला टाके" ही एक ओळ "प्रकृती अत्यंत खालावली आहे" या वाक्यापेक्षा कितीतरी वजनदार.

शिस्तभंगाच्या नोंदींच्या नकलाही मागा. हाक ऐकू आली नाही किंवा सूचना लक्षात राहिली नाही, की कागदावर "आदेश मोडला" असंच चढतं. अशा दोन-तीन नोंदी एकत्र लावल्या की त्याच तुमच्या बाजूचा पुरावा होतात.

तपासण्या मोघम मागू नका, नावानिशी मागा. पडण्याच्या धोक्यासाठी "टाइम्ड अप अँड गो" चाचणी: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरतात. घड्याळाशिवाय काही लागत नाही, त्यामुळे "सोय नाही" म्हणायला जागा उरत नाही. स्मृतीसाठी ३० गुणांची मोका (MoCA) चाचणी. २६ च्या खाली गुण आले की पुढची तपासणी मागता येते. पण आधी कान तपासून घ्या. प्रश्नच ऐकू आला नाही तर बहिरेपण स्मृतिभ्रंश म्हणून नोंदलं जातं. कमी शिक्षणानेही गुण घसरतात.

आणि हे सगळ्यात आधी: वैद्यकीय कागद तुम्हाला दाखवायला हरकत नाही, अशा संमतीवर त्यांची सही घ्या. मुखत्यारपत्र करायचं असेल तर तेही आत्ताच. विसरणं वाढल्यावर केलेली सही "समजून केली होती का" या प्रश्नात अडकते.

पायरीचा दगड
वरच्याशी सहमत. थोडी भर घालतो.

मागणीत एकाच तुरुंगाचं नाव लिहून अडून बसू नका. "तिथे जागा नाही" म्हटलं की विषय संपतो. अटी लिहा: तळमजला, खालची बर्थ, संडासात धरायला दांडा, रात्रीही परिचारक किंवा डॉक्टर, तरुण आणि हिंसक गुन्ह्यांतल्या कैद्यांपासून वेगळी बराक, घरच्यांना भेटीला येता येईल इतकं अंतर. शिवाय एक स्वतंत्र परिच्छेद: "बदली होईपर्यंत खालची बर्थ आणि तळमजला तातडीने द्यावा." हे अधीक्षक स्वतःच्या अधिकारात करू शकतात, त्यामुळे बहुधा आधी हेच मिळतं. मिळालं म्हणून मूळ अर्ज मागे घेऊ नका.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांचा आधार घ्या. ते कायदा म्हणून थेट बांधील नाहीत, पण उत्तर देणाऱ्याला कारण द्यायला लावतात. नियम २७: विशेष उपचार लागणाऱ्याला तशा संस्थेत किंवा बाहेरच्या रुग्णालयात हलवावं, आणि वैद्यकीय निर्णय डॉक्टरचाच. नियम ३३: तुरुंगवासाने प्रकृती बिघडतेय असं दिसलं की डॉक्टरने प्रमुखाला कळवायचं. म्हणून तुरुंगाच्या डॉक्टरला वेगळं पत्र द्या आणि ३३ खाली अहवाल मागा. बाहेरच्या डॉक्टरच्या दाखल्यापेक्षा आतल्या डॉक्टरच्या दोन ओळी जास्त चालतात.

हिसकाहिसकीबद्दल लिहिताना कुणाही कैद्याचं नाव घालू नका. पत्रं वाचली जातात आणि बराकीत बातमी फुटते. मग काका "खबरी" ठरतात. तारीख, जागा, वस्तू, बस्स. नावं सांगायचीच असतील तर वकिलाने प्रत्यक्ष भेटीत सांगावीत.

प्रत्येक कागदाची पोच, तारखेसह. तक्रारीची मुदत असते आणि आतल्या पायऱ्या ओलांडल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी कोर्ट अर्ज ऐकत नाही. मुदत गेली तर मुद्दा कितीही खरा असो, दार बंद. उत्तर आलं नाही तर मुख्यालय, मग तुरुंगाची तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणा, या क्रमाने जा.

काठावरची
बदली मंजूर झाल्यावरचे पहिले काही दिवस फार वाईट असतात. औषधांची पेटी मागे राहते, नव्या ठिकाणचा डॉक्टर तपासेपर्यंत इन्सुलिन थांबतं. निघताना किमान सात दिवसांची औषधं आणि वैद्यकीय फाइल सोबत द्यावी असं अर्जातच मागा. फाइल सोबत जाणं हे नियम २६ मध्येही आहे. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, काठी "सामाना"त बांधू नयेत, अंगावर असावीत. सामान उशिरा पोचतं.

काकांना सध्या कुणी सहकैदी मदत करतो का, हेही विचारा. तो मागे राहणार. नव्या जागी ते काम कोण करणार, हे आधी ठरवून घ्या.

उंबरठा
खूप उपयोगी पडलं. आजच कळलं की "सुरक्षेसाठी" त्यांना वेगळ्या कोठडीत हलवायचं म्हणताहेत. होकार द्यावा का?

पायरीचा दगड
सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: दिवसातले किती तास बंद, कुणाशी बोलायला मिळणार, किती दिवसांसाठी. २२ तास किंवा जास्त आणि माणसांशी धड संपर्क नाही, तर तो नियम ४४ प्रमाणे एकांतवास झाला, नाव काहीही ठेवोत. ज्याचं अपंगत्व त्याने बळावेल त्याला तसं ठेवायला नियम ४५ ची मनाई आहे. आणि व्यवहारातली अडचण अशी की, एकट्याच्या कोठडीत रात्री पडले तर सकाळच्या गिनतीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. घंटा किंवा हाकेच्या अंतरावर पहारेकरी नसेल तर नकार लेखी द्या, आणि त्याच कागदावर खालच्या बर्थची मागणी पुन्हा लिहा. नाहीतर फाइलवर "संरक्षण नाकारले" एवढंच राहतं.